पिस्को घ्यायचीये? केब्रान्ता, आचोलादो की मोस्तो वेर्दे

पिस्को म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून, भट्टीवर गाळून काढलेली दक्षिण अमेरिकेतली दारू. बाटलीवर पिस्को लिहिलंय म्हणून लगेच उचलू नका, आधी देश बघा. पेरू देशाची आणि चिलीची, दोन्ही द्राक्षाच्याच, पण पेरूत आंबवलेला रस भट्टीवर एकदाच चढवतात आणि 38 ते 48 टक्क्यांची जी निघते तीच भरतात, पाण्याचा थेंब नाही, लाकडी पिंप नाही, किमान 3 महिने काचेत किंवा स्टीलमध्ये ठेवायची बस. आपल्याकडे पहिल्या धारेचीचं कौतुक, तिथे पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, फक्त मधली ठेवतात. चिलीत पाणी घालून 30 टक्क्यांपर्यंत उतरवलेली चालते, लाकडात मुरवलेलीही चालते, त्यामुळे व्हिस्की-ब्रँडीची सवय असेल, तो लाकडाचा वास हवाच असेल तर चिलीची घ्या. नावावरून दोघांचं भांडण तर भारतापर्यंत आलं, 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने जीआयसाठी, म्हणजे भौगोलिक मानांकनासाठी, नावाआधी देश लावायला सांगितला.

मला विचाराल तर पेरूचीच, कारण द्राक्ष चांगलं नसेल तर ते लपवायला तिथे काहीच नसतं.

आता पेरूतले प्रकार. पुरो म्हणजे एकाच जातीच्या द्राक्षाची, मान्य जाती 8च. त्यातली केब्रान्ता सगळीकडे दिसते, सुगंध कमी पण चव भरदार, लिंबू-साखरेत मिसळली तरी हरवत नाही. इतालिया, तोरोन्तेल, मोस्कातेल या सुगंधी, ग्लास नाकाजवळ नेला की फुलं आणि लिंबाची साल. आचोलादो म्हणजे जातींचं मिश्रण, थोडा सुगंध थोडी भरदार चव.

मोस्तो वेर्दे मात्र वेगळीच. रस पूर्ण आंबायच्या आधी, साखर शिल्लक असतानाच भट्टीवर चढवतात, ती साखर वाफेबरोबर वर येत नाही म्हणून पिस्को गोड लागत नाही पण जिभेवर एकदम मऊ जाते, आणि अल्कोहोल कमी तयार झालेलं असल्याने एका बाटलीला द्राक्षं जास्त लागतात, म्हणून महाग. ही कृपया कॉकटेलमध्ये घालू नका, छोट्या ग्लासात नुसतीच, हळूहळू प्या.

एकच बाटली घेणार असाल तर केब्रान्ता पुरो. पिस्को सावर या आंबटगोड कॉकटेलला लिंबाचा रस, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा भाग आणि वरून बिटर्सचे, म्हणजे कडवट मसालेदार अर्काचे थेंब, आणि घरात अंडं चालत नसेल तर चिल्कानो करा, पिस्कोत जिंजर एल (आल्याच्या चवीचं सोड्यासारखं पेय), लिंबू, भरपूर बर्फ, ५ मिनिटांचं काम.