पाचशे-सातशेचा ओबीडी स्कॅनर : अधूनमधून दम सोडणाऱ्या गाडीला किती उपयोगी?

जुनी पेट्रोल गाडी मध्येच पिकअप सोडते, दोन मिनिटांत पुन्हा नीट पळते, गॅरेजला नेली की काहीच करत नाही. अशा दुखण्यासाठी ‘ईएलएम ३२७’ (चिपचं नाव) छापलेला ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून तिच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, घ्यावा का? घ्यावा, पण बिघाडाचे कोड वाचायला नको. चेक इंजिनचा दिवा अशा वेळी बहुधा लागतच नाही. पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटा (चालत्या इंजिनाचे आकडे) रेकॉर्ड करण्यात.

घेण्याआधी गाडीला जोडून बघा. भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासण्याची ठरलेली पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसाच १६ पिनांचा असतो, पण प्रोटोकॉल, म्हणजे माहिती देण्याघेण्याची भाषा, कंपनीचा स्वतःचा. तिथे फोनवरचं ॲप नुसतं ‘कनेक्टिंग’ म्हणत बसतं.

जोडला गेला की चावी ऑन, इंजिन बंद. मॅप सेन्सरने (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आता बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर, म्हणजे ९५-९६ केपीए (किलोपास्कल, दाबाचं एकक). आकडा फारच वेगळा असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर.

जुन्या के-लाइन (माहितीची जुनी, संथ वायर) गाड्यांत स्कॅनर संथ चालतो. स्क्रीनवर दहा आकडे मांडले तर दोन सेकंदांचा झटका मधल्यामध्ये निसटतो. चारच ठेवा : आरपीएम, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), मॅप, सायलेन्सरच्या पाइपातला पुढचा ऑक्सिजन सेन्सर. फाइल रेकॉर्डला लावा आणि घरी येऊन बघा. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलांत फिरून काही सापडत नाही, इंजिनावर भार हवा. एप्रिलच्या दुपारी एसी लावून, गाडी भरून तुळजापूरचा घाट चढवा. कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) बहुधा तापल्यावरच दगा देतात.

धावत्या गाडीत, गिअर टाकलेला असताना आरपीएम क्षणभर शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. गाडी उभी करून २५०० आरपीएमवर धरली आणि मॅप हळूहळू चढत गेला, तर कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा) चोकअप झाल्याचा संशय घ्या. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ऑक्सिजन सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर हवा. तो ०.२ च्या खाली घसरला की पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं.

वाटतं म्हणायचं कारण, इथेच हा स्कॅनर फसवतो. कॉइल मिसिंग मारत (मधूनच ठिणगी चुकवत) असली तरी न जळालेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर तोच खोटा ‘लीन’ (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतो. पेट्रोलचा दाब जुन्या साध्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजतच नाही, मग स्कॅनर दाखवणार कुठून? त्यासाठी फ्युएल प्रेशर गेज लागतो, आणि हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावं. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची लाइन उघडणं घरचं काम नव्हे. बहुतेक गाड्यांत दाब ३ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आयडलला बरोबर आणि भाराखाली घसरणारा दाब म्हणजे तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा पंपाला अपुरा करंट. दाब टिकून राहिला तर प्लग आणि कॉइलकडे वळा.

नवा पंप टाकण्याआधी जुन्या पंपाच्या कनेक्टरवर, तो चालू असताना, व्होल्टेज मोजून घ्या. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष रिले, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि नवा पंपही तसाच रडेल.

आणखी एक खोड : सॉकेटला करंट कायम चालू असतो. स्कॅनर काढायला विसरलात तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.