लिस्बन : चार फेऱ्या आणि जवळपास चार महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, पहिल्या फेरीनंतर मी ह्या शहराला पाचपैकी दोन स्टार दिले असते, आणि तेसुद्धा नदीकडे बघून.

ऑगस्ट २०१८, पाच दिवस. त्याआधी कितीतरी वर्षं माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर चढावरून येणाऱ्या पिवळ्या ट्रामचा फोटो होता, म्हणजे ड्रीम डेस्टिनेशन वगैरे जे काही असतं ते माझ्यासाठी हेच. आणि आम्ही पोचलो तो नेमका उष्णतेच्या लाटेत, पारा ४४ अंशांवर. २८ नंबरच्या ट्रामसाठी मार्तिम मोनिझला सव्वा तास रांगेत उभे राहिलो, आत शिरलो तर खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच कळेना, एका उंच माणसाच्या काखेखाली उभं राहून मी आल्फामा हा अख्खा जुना भाग 'पाहिला', आणि खाली उतरलो तर नवऱ्याचं पाकीट गायब. त्याच रात्री जेवायला गेलो, न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आलं, आम्ही म्हटलं काय अगत्य आहे लोकांचं! बिलात तिन्हीचे वेगळे पैसे. (ह्याला कूव्हेर म्हणतात. फसवणूक नाहीये, तिथली पद्धतच आहे, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, मग पैसे लागत नाहीत. पण हे कोणीतरी आधी सांगायला हवं ना!) परत आल्यावर स्क्रीनवरचा फोटो बदलला.

दुसऱ्यांदा गेले ती काही हौसेने नाही, ऑफिसचं काम निघालं म्हणून. एप्रिल २०१९, तीन आठवडे. राहायला ग्रासा भागात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, अर्थात लिफ्ट नाही. घरमालकीणबाई सत्तरीच्या, इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता, आणि त्यांनी मला पोर्तुगीजमध्ये सगळं घर दाखवायला घेतलं. हातात किल्ली धरून म्हणाल्या, शाव्. खिडकी उघडून म्हणाल्या, जनेला. माझी आजी खिडकीला जनेलच म्हणायची, मी जागच्या जागी थांबले. मग कपाटाला आर्मारिउ, म्हणजे आपली आलमारी, टुवालाला तुआल्या, आणि सिंकखालची बादली बाहेर काढून बाल्द. मी मोठ्याने हसायला लागले, त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या की हिला बादलीचं एवढं काय हसू आलं.

तिथून गाडी रुळावर आली म्हणा. भाजीवाल्याकडे बटाट्याला बटाटाच, अननसाला अननसच, काजूलाही जवळपास काजूच. युरोपात अर्ध्याअधिक ठिकाणी 'टी' किंवा 'ते' म्हणतात त्या चहाला इथे 'शा'. पण कळस म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचा शब्द, पगार! म्हणजे पैसे देणे. आपण महिनाभर वाट बघून पगार घेतो, तिथे प्रत्येक दुकानात पगार करायचा असतो. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे शाळेत वाचलेलं असतं, पण कोणी आपल्यासमोर कॅज्युअली ते वापरतं तेव्हा वेगळंच काहीतरी होतं. शहर एकदम ओळखीचं वाटायला लागतं, खरं तर ओळखीचं काहीच नसतं.

एक इशारा मात्र देते, ह्यावरून आपल्याला भाषा समजेल असं समजू नका. ही मंडळी स्वर गिळतात. कागदावर सहज वाचता येणारं वाक्य कानावर पडतं तेव्हा नुसतं श्श-श्श ऐकू येतं.

म्हणून तिसऱ्या फेरीला, जानेवारी-फेब्रुवारी २०२३, भाषेचा दोन महिन्यांचा कोर्सच लावला. आणि ह्याच फेरीत शहराच्या सगळ्या खोडी कळल्या. सगळ्यात मोठी खोड म्हणजे घरातली थंडी. लोकांना वाटतं पोर्तुगाल म्हणजे ऊन. बाहेर १४ डिग्री, छान हवा, आणि घरात शिरलात की त्याहून गार. जुन्या घरांना हीटिंग नसतं, भिंतींना काळी बुरशी, धुतलेली जीन्स चौथ्या दिवशीही ओली. मी पलंगावर दोन दोन स्वेटर घालून क्रियापदं पाठ केलीत. हिवाळ्यात जाणार असाल तर घर बुक करताना हीटर आणि डीह्युमिडिफायर आहे का एवढं विचारा, बाकी व्ह्यू बिव्ह्यू नंतर.

दुसरी खोड फुटपाथ. पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या छोट्या छोट्या दगडांची नक्षी, दिसायला देखणी, कोरडी असताना. पाऊस पडला की साबण. मी दोनदा आपटले, एकदा तर भर चौकात, हातातल्या पिशवीतले बटाटे उतारावरून जे निघाले ते निघालेच. चांगल्या ग्रिपचे बूट न्या, फोटोपुरते सँडल बॅगेतच राहू द्या.

पण गंमत बघा, मन बसलं ते ह्याच दोन महिन्यांत. पावसात जाणार कुठे, तर टाइल्सचं राष्ट्रीय म्युझियम. तिथे निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं लिस्बनचं एक लांबलचक चित्र आहे, जवळपास २३ मीटर, साधारण १७०० च्या आसपासचं, म्हणजे १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाआधीचं शहर. भूकंप, मग त्सुनामी, मग आग, आणि त्यात चित्रातलं बरंच काही गेलं. मी तीनदा गेले आणि दर वेळी त्यात माझा रोजचा रस्ता शोधत बसले. त्यानंतर शहरात चालायची पद्धतच बदलली. बायशा ह्या मधल्या सखल भागातल्या सरळ, पट्टीने आखल्यासारख्या गल्ल्या तेव्हाचा मंत्री पोंबाल ह्याने नंतर बांधवून घेतलेल्या, भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालून, परत भूकंप झाला तर इमारत लवचिक राहावी म्हणून. आणि शेजारच्या टेकडीवरचं आल्फामा आधीसारखंच वेडंवाकडं. आता मला नकाशा लागत नाही, पायाखाली गल्ली वळायला लागली की ढोबळमानाने कळतं मी कुठल्या शतकात आहे.

रोजची सवय म्हणजे सकाळी उभ्या उभ्या एक बीका, म्हणजे एस्प्रेसो (दुधाचं काही हवं असेल तर गालांव म्हणा, उंच ग्लासात येतं), आणि संध्याकाळी कधीतरी काइश दु सुद्रेहून नदीपलीकडे कासील्याशला जाणारी फेरीबोट. दहा मिनिटांचा प्रवास, मेट्रोचंच कार्ड चालतं, आणि शहराचा जो काही देखावा दिसतो तो पैसे घेऊन क्रूझवाले दाखवतात तोच.

२८ ची ट्राम पण शेवटी जमली. दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीकहून, सकाळी लवकर पकडायची, बसायला जागा मिळते. त्या स्टॉपचं नाव प्राझेरेश, अर्थ 'सुखं', आणि समोर काय तर दफनभूमी.

सगळंच गोड मात्र नाही वाटत. बेलेंला जेरोनिमुश मठात वास्को द गामाची दगडी समाधी आहे, लोक फोटो काढतात, मी दर वेळी दोन मिनिटं थांबते आणि काय वाटायला हवं ते ठरत नाही. हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, अवशेष नंतर इकडे आणले. माझे ते लाडके शब्द आणि तोफा एकाच जहाजांतून आल्यात, हे विसरून मला ह्या शहरावर प्रेम करता येत नाही, आणि ते आठवूनही करणं काही थांबत नाही. असो. तिथून पाच मिनिटांवर १८३७ पासून चालू असलेलं पश्तेलचं (कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री) दुकान आहे, वरून दालचिनी भुरभुरून गरम गरम खा.

चौथी फेरी मे-जून २०२५, सहा आठवडे. जाकारांदाच्या झाडांनी अख्खे रस्ते जांभळे, आणि १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियुचा सण, गल्लोगल्ली सार्डिन भाजण्याचा धूर (मी शाकाहारी, मी धूरच खाल्ला). त्या दिवसांत मांझेरिकु नावाचं छोटं रोप विकतात, आपल्या तुळशीची चुलत बहीणच, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. वास थेट नाकाने घ्यायचा नाही, पानांवरून हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. का, तर थेट हुंगलं की रोप कोमेजतं म्हणे. मी कुंडी घेतली आणि निघताना घरमालकीणबाईंना देऊन आले.

ह्या वेळी दरही जाणवले. टुरिस्ट टॅक्स आता माणशी रात्रीला ४ युरो, व्हिसाची फी ९० युरो, आणि ग्रासातली माझ्या माहितीतली दोन घरं आता भाडेकरूंची राहिली नाहीत, दारावर कोड टाकून किल्ली काढायची छोटी पेटी लटकतेय, आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी. बाईंनी ते सांगितलं तेव्हा माझं पोर्तुगीज पुरेसं चांगलं झालेलं होतं, म्हणजे न समजल्याचं नाटकही करता आलं नाही. आणि परत आल्यावर सप्टेंबरमध्ये ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरचा (चढावरून केबलने ओढली जाणारी गाडी) अपघात झाला, १६ जण गेले. १८८५ पासूनची ती पिवळी गाडी, मी तिच्यात कितीतरी वेळा चढले होते, चढ टाळायचा म्हणून. तो रस्ता डोळ्यांसमोरून हलतच नव्हता, कितीतरी दिवस.

तर आता पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या बुरशीचा कापलाय. पाच दिवसांसाठी जाणार असाल तर खरंच सांगते, कदाचित तुम्हालाही आवडणार नाही, निदान दहा दिवस ठेवा आणि त्यातले चार काहीही ठरवू नका.

मे महिन्यात घेतलेलं मेट्रोचं कार्ड पाकिटात आहे, वर्षभर चालतं. त्यावर तीन युरो आणि काही सेंट शिल्लक आहेत. नवरा म्हणतो तीन युरोसाठी कोणी तिकीट काढत नाही. मी एप्रिलचे दर बघतेय.