पहिली छर्ऱ्याची बंदूक: रेड रायडर, बक, ४९९ की पंपवाली?

आमच्या घरात हा विषय घुसला तो शेजारच्या मुलाच्या वाढदिवसामुळे. आम्ही टेक्सासमध्ये राहतो, डॅलसपासून तासाभरावर, आणि इथे दहा वर्षांच्या पोराला बीबी गन, म्हणजे हवेच्या दाबाने छोटे स्टीलचे छर्रे मारणारी बंदूक, गिफ्ट मिळणं म्हणजे आपल्याकडे पहिली सायकल मिळण्यासारखं आहे, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आमची लेक नऊची. तिकडून आली ती "आई मला पण" करतच आली, आणि मग दीड महिना घरात दुसरा विषय नाही. नवरा ठाम नाही म्हणतोय, सासरे वाईहून सहा महिन्यांसाठी आलेले ते म्हणतायत आम्ही बेचकीने कैऱ्या पाडायचो काय झालं आम्हाला, आणि मधे मी. शेवटी नेहमीप्रमाणे मीच एक्सेल शीट उघडली. त्यातलं जे कामाचं निघालं ते इथे टाकतेय, कारण हा प्रश्न इकडे वाढणाऱ्या आपल्या बऱ्याच पोरांच्या घरी येणार आहे.

सगळ्यात आधी तुम्ही कुठे राहता ते बघा, बंदूक नंतर. माझी मावसबहीण एडिसनला असते, तिच्यासाठी हा पूर्ण लेखच निकामी आहे, कारण न्यू जर्सीत बीबी गन कायद्याने फायरआर्म धरतात आणि विकत घ्यायला पोलिसांकडून कार्ड काढावं लागतं. न्यूयॉर्क शहरात तर परवान्याशिवाय जवळ ठेवणंच बेकायदा. टेक्सासमध्ये राज्याचा काही त्रास नाही पण बऱ्याच शहरांचे आपापले नियम असतात, गावहद्दीत एअर गन चालवायची नाही वगैरे, आणि वर सोसायटीवाल्यांचे वेगळे. शेजारी करतो म्हणजे चालतं असं नाही, शहराच्या ऑफिसात एक फोन करा.

आता बंदुका. दुकानात गेलं की पहिल्या बंदुकीच्या नावाखाली ढीगभर माल दाखवतात पण खरे पर्याय चारच.

रेड रायडर म्हणजे डेझी कंपनीची ती लाकडी दस्त्याची, एका कॉमिकमधल्या काउबॉयच्या नावाची, १९४० च्या आसपासपासून विकली जातेय. ही डेझी मूळची मिशिगनमधली पवनचक्क्या बनवणारी कंपनी, पवनचक्कीबरोबर शेतकऱ्याला एअर गन द्यायला लागले आणि गनच जास्त चालली, असा इतिहास आहे, असो. लिव्हर ओढायचा, आत स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की हवेच्या दाबाने छर्रा जातो. सेकंदाला ३५० फुटांपर्यंत वेग, वजन किलोभर, लांबी ३५ इंच, आणि पोटात ६५० छर्रे. हा ६५० चा आकडा लक्षात ठेवा, त्यावर परत येते.

बक म्हणजे तिचंच धाकटं भावंड. ३० इंच, पाऊण किलोच्या आसपास, वेग २७५ फूट, छर्रे ४००. लहान हाताला हीच बरी बसते. आमच्या लेकीला दुकानात रेड रायडर धरायला दिली तर दस्ता खांद्याला लावायच्या ऐवजी काखेत गेला आणि मान वाकडी करून बघायला लागली. बक नीट बसली. मात्र दोन्हीच्या खोक्यावर वय १० च्या पुढे लिहिलंय, तेही मोठं माणूस सोबत असताना. दुकानदार म्हणाला अहो सहा-सात वर्षांचे पण नेतात, तर नेऊ देत बापडे.

तिसरी ४९९, हा डेझीचाच मॉडेल नंबर. ही दिसायला रेड रायडरच्या घरातली पण काम एकदम वेगळं. एका वेळी एकच छर्रा, तोही नळीच्या तोंडातून टाकायचा, घरंगळत खाली जातो आणि आत मॅग्नेट धरून ठेवतो. वेग फक्त २४० फूट. किंमत रेड रायडरच्या कितीतरी पट. ऐकून वाटतं हे काय, कमी ताकद, एकच छर्रा आणि पैसे जास्त? पण पाच मीटरवर ही इतकी अचूक आहे की मुलांच्या बीबी गन मॅचेस हिच्यावरच होतात. आर्कान्सासमध्ये रॉजर्स गावात, म्हणजे डेझी १९५८ पासून जिथे आहे तिथेच, ८ ते १५ वयाच्या मुलांची राष्ट्रीय मॅच असते. चार पोझिशन: झोपून, बसून, गुडघ्यावर आणि उभं राहून, शिवाय सेफ्टीचा लेखी पेपर, आणि त्याचे मार्क स्कोरमध्ये धरतात. लेखी पेपर ऐकल्यावर नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला, मराठी माणूस, परीक्षा आहे म्हटलं की विश्वास बसतो.

चौथी पंपवाली, क्रॉसमन ७६० सारखी. ३ ते १० पंप मारायचे, जेवढे जास्त तेवढा जोर, पूर्ण पंपावर वेग सेकंदाला ६०० फुटांच्या वर जातो. स्टीलचे छर्रे पण चालतात आणि शिशाचे पेलेट पण. ही मी शीटमधून पहिल्याच दिवशी काढली. सांगणारे सांगतात की तीनच पंप मारायला लावा म्हणजे हळू जाईल. अहो पण तीनच मारायचे हे पाळणार कोण, नऊ वर्षांचं पोर? आणि वेग दुप्पट म्हणजे जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे दहावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनीच घोकलंय. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग स्पष्ट सांगतो की ३५० फुटांच्या वरच्या बीबी किंवा पेलेट गन १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. ३५० च्या खाली म्हणजे खेळणं असं पण समजू नका हं, कातडीत घुसायला वेग लागतो, डोळ्याला त्याच्या कितीतरी कमी पुरतो.

म्हणजे उरल्या तीन, आणि इथे मला जे वाटतं ते दुकानातल्या पाटीपेक्षा वेगळं आहे. लोक वेग, किंमत, लूक बघतात. मी बघते की छर्रे कोणाच्या खिशात आहेत.

रेड रायडर किंवा बकमध्ये एकदा डबी ओतली की छर्रे बंदुकीत, म्हणजे पोराच्या ताब्यात. तुम्ही फोन घ्यायला आत गेलात, दारावर कोणी आलं, तेवढ्यात तिकडे धडाधड वीस वेळा लिव्हर ओढून झाला. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे संपले असं वाटतं पण संपलेले नसतात. आतल्या छर्ऱ्यांचा रस्ता असा असतो की एखादा अडकून राहू शकतो, चार वेळा नुसती हवा येते, हलवून बघितलं तर आवाज नाही, आणि पाचव्यांदा तो सुटतो. हे माझं कल्पनेचं भूत नाहीये. ह्याच अडकण्यावरून २००१ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने डेझीच्या दोन पंपवाल्या मॉडेलांवर, ८५६ आणि ८८० वर, केस केली होती, ती २००३ मध्ये समझोत्याने मिटली. मॉडेल वेगळी होती हे मान्य, पण पोटात शेकडो छर्रे भरायची कुठलीही बंदूक रिकामी आहे हे लहान मुलाला बघून कळत नाही, हा मुद्दा राहतोच.

४९९ मध्ये हा प्रश्नच नाही. एक छर्रा, तुमच्या हातातून, मग नेम, मग चाप, मग परत तुमच्याकडे हात पुढे. मधला वेळ तुमचा. लेकीला आधी ह्याचा राग यायचा, "आई किती हळू!" पण त्या हळूपणातच ती शिकली, कारण एकच छर्रा आहे म्हटलं की पोर श्वास रोखून नीट बघतं, साडेसहाशे आहेत म्हटलं की नुसता लिव्हर ओढत सुटतं. तोटा सांगायचा तर नळीच्या तोंडाजवळ हात न्यावा लागतो, आणि लिव्हर ओढून झाल्यावर. म्हणून आमच्याकडे छर्रा टाकायचं काम मोठ्याचंच, तिचं बोट चापाच्या बाहेर दस्त्यावर सरळ, आणि हे पहिल्या दिवसापासून. बक घेतलीत तरी हीच युक्ती थोडीफार करता येते, डबी ओतायची नाही, मोजून पाच टाकायचे आणि पाच आवाज मोजायचे, तरीही शेवटी नळी बांधाकडे, म्हणजे निशाणामागे छर्रे अडवायला केलेल्या आडोशाकडे, करून दोनदा रिकामी चालवून बघायची.

एअरसॉफ्टबद्दल बऱ्याच जणांनी सुचवलं, प्लॅस्टिकचे ६ मिलीमीटरचे गोळे, कमी लागतात. मला पटलं नाही. तो खेळच मुळात मास्क घालून एकमेकांवर नेम धरायचा, आणि आपण शिकवणार की माणसावर कधीच नाही, मग पहिला धडाच उलटा. शिवाय त्या हुबेहूब खऱ्या पिस्तुलासारख्या दिसतात. २०१४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांच्या मुलाच्या हातात एअरसॉफ्ट होती आणि पोलिसांनी गोळी घातली, पोर गेलं. आपली सावळी पोरं घेऊन ह्या देशात राहताना मी तरी तसली वस्तू घरात आणणार नाही. बीबी गनसुद्धा गाडीतून नेताना बॅगेत, बंद.

घरामागे चालवायची म्हटलं तर बंदुकीपेक्षा मागच्या बांधावर जास्त खर्च करा, म्हणजे पैशांचा नाही, मेहनतीचा. स्टीलचा छर्रा कडक गोष्टीला लागला की परत येतो, झाड, वीट, कुंपणाची फळी, दगड, पाण्यावरून पण उडतो. पेलेट शिशाचं, मऊ, चपटं होतं, तेवढं उसळत नाही, पण मग शिसं आलं, दरवेळी साबणाने हात धुणं आलं, नऊ वर्षांच्या मुलीने हात धुतले की नुसते ओले केले हे कोण बघणार. आम्ही मोठं खोकं घेतलं, त्यात जुने पेपर घट्ट भरले आणि समोर जाड कापड सैल लटकवलं, ताणून नाही, सैल, म्हणजे छर्रा त्यात दमून खाली पडतो. सासऱ्यांनी गोधडी सुचवली होती पण ती सासूबाईंच्या हातची, त्यावर घरात वेगळीच चकमक झाली, शेवटी जुनी रजई गेली. पडलेले छर्रे परत वापरायचे नाहीत, चेपलेला आत अडकतो. आणि रेड रायडरचा छर्रा किती लांब जातो तर कंपनीच १९५ यार्ड लिहिते, म्हणजे तुमच्या कुंपणाच्या पलीकडे तीन घरं आरामात.

चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांना पण. नंबरचा साधा चष्मा धरायचा नाही, त्यावरून घालायचे सेफ्टीचे मिळतात. सासरे "मला काय करायचंय, मी खुर्चीत" म्हणत होते, त्यांना लेकीनेच सांगितलं आजोबा चष्मा नाही तर मी मारणार नाही, तेव्हा घातला.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती आणि आमचे तीन आठवडे वाया गेले. लेक उजवी आहे पण तिचा डोळा डावा चालतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो तुमचा नेमाचा डोळा. ती उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, बघायला जायची आणि सगळे छर्रे एका बाजूला. डाव्या खांद्यावर घेतली आणि दुसऱ्याच दिवशी कागदावर गोळा व्हायला लागले. लिव्हर खालून असल्यामुळे ह्या तिन्ही बंदुकांना डावं-उजवं नाही, हा एक फायदा धरा.

क्लब की घर, हा खरं म्हणजे बंदुकीपेक्षा मोठा प्रश्न निघाला. इथे फोर-एच म्हणून मुलांची संस्था आहे, काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसमधून चालते, बऱ्याच ठिकाणी शूटिंग ८ वर्षांपासून घेतात, ट्रेनिंग घेतलेले कोच असतात आणि ४९९ बहुतेक त्यांच्याकडेच मिळते, म्हणजे आपला खर्च वाचला. कब स्काउटमध्ये पण बीबी गन असते पण फक्त त्यांच्या ठरलेल्या कॅम्पमध्ये, वर्षातून एखाददुसऱ्यांदा, तेवढ्यात हौस फिटते, शिकणं होत नाही. घरी केलं तर वेळ आपला, पण शिस्त पण आपली, आणि मी प्रामाणिकपणे सांगते, माझ्या ओरडण्याची लेकीला सवय आहे, कोचने नुसतं "नळी कुठे आहे?" विचारलं तरी ती गारठते.

परत भारतात जायचा विचार असेल तर अजून एक. तिकडे बीबी गनच्या मॅचेसचं वातावरण नाही, सुरुवातच १० मीटर एअर रायफल किंवा पिस्तूल, पेलेटवर. मॅचची रायफल पाच किलोच्या आसपास, लहान मुलाला झेपणारी नाही, थांबावं लागतं. पण इकडची पोझिशन वाया जात नाही. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रॉन्झ घेतलं ते गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पोझिशनच्या इव्हेंटमध्ये, ह्या तिन्ही पोझिशन पोरांच्या बीबी मॅचमध्ये आहेतच. हे सांगितल्यावर सासरे एकदम आमच्या पार्टीत आले, तोपर्यंत ते कैरीवरच होते.

तर आमचं असं झालं: क्लब, ४९९, घरी विकत घेतलेली बंदूक नाही. दहा पूर्ण झाल्यावर तिला हवी असेल तर बक, छर्रे माझ्या कपाटात कुलपात आणि बंदूक नवऱ्याच्या, दोन वेगळ्या किल्ल्या. तुमच्याजवळ क्लब नसेल आणि मूल दहाच्या पुढचं असेल तर बक घ्या आणि पाच-पाच मोजून द्या. रेड रायडर बारा-तेराच्या उंच पोराला ठीक आहे, त्याआधी ती आई-वडिलांच्याच लहानपणाच्या हौसेसाठी घेतली जाते असं माझं मत झालंय, दुकानात उभं राहून बघितलंत तर पटेल. आणि मूल आठच्या खालचं असेल किंवा "थांब" म्हटल्यावर पहिल्या हाकेला थांबत नसेल तर ह्यातलं काहीच नको, जत्रेतले फुगे फोडायला न्या.

सध्या आमचं झोपून मारणं संपून बसून मारणं सुरू झालंय. मांडी घालून, दोन्ही कोपरं गुडघ्यांजवळ टेकवून. क्लबातली बाकीची पोरं पाच मिनिटांत पाय आखडले म्हणून उठतात, आमची बसते निवांत. खाली पाटावर जेवायची सवय सासूबाईंनी लावली होती, मी तेव्हा कुरकुर केली होती.