तक्रार लिहून देणाऱ्या वकीलबाई, बेळगाव कोर्टाजवळ

आमचं गाव खानापूरकडचं. शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली. पोलीस ठाण्यात दोन खेपा घातल्या, "बघू" म्हणून परत पाठवलं. मन खट्टू झालं होतं. वकीलबाईंनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस-कोर्टाच्या कामकाजाच्या कायद्याचं) कलम १७३ नीट समजावलं: एफआयआर घेतला नाही तर तोच मजकूर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. अर्ज कन्नडमध्ये टाइप केला, पण सहीआधी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. कापलेली केबल सांगायची राहिली होती, तर पान पुन्हा काढलं. त्यांच्या ऑफिसचा जिना तेवढा अरुंद आहे. अधीक्षकांना रजिस्टर पोस्ट गेलं आणि पंधरवड्यात गुन्हा नोंद झाला.