जबड्याच्या हाडासाठी २ मिलिमीटरची टायटॅनियम मिनीप्लेट : अनुभव आणि परीक्षण

गेल्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर हर्णै बंदरात मोठ्या नौकेवरून लहान होडीत उतरताना माझ्या पुतण्याचा पाय घसरला आणि त्याची हनुवटी होडीच्या काठावर जोराने आदळली. जवळच्या एका दवाखान्यात हनुवटीला चार टाके घालून त्याला घरी पाठवण्यात आले. दात पूर्वीसारखे जुळतात का, एवढे साधे पाहणेही तिथे झाले नाही. रात्री पेज पिताना तो म्हणाला, "काका, माझे दात एकमेकांवर बसत नाहीत, आणि डावा ओठ बधिर झालाय." दुसऱ्या दिवशी चिपळूणला एका मुख-जबडा शल्यचिकित्सकांकडे गेलो. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढल्यावर दोन ठिकाणी अस्थिभंग दिसला : एक डावीकडे हनुवटीच्या बाजूला आणि दुसरा उजवीकडे, जिथे जबडा कानाच्या दिशेने वर वळतो त्या कोनात. खालचा जबडा धनुष्यासारखा असल्यामुळे एका बाजूच्या आघाताने दुसऱ्या बाजूलाही मोडतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

मी तंत्रनिकेतनात उपयोजित यांत्रिकी शिकवतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी मिनीप्लेट, म्हणजे मोडलेले हाड जोडून धरणाऱ्या टायटॅनियमच्या लहान पट्ट्या, दाखवल्या, तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. जेमतेम १ मिलिमीटर जाडीची, चार छिद्रांची पट्टी आणि २ मिलिमीटर व्यासाचे, ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे स्क्रू (पट्टीच्या नावातील '२ मिलिमीटर' हा या स्क्रूचा व्यास). निरोगी प्रौढ माणूस दाढांनी ५०० न्यूटन किंवा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतका, दाब देऊ शकतो. तो दाब ही पट्टी कसा पेलणार, असे मी विचारले, आणि निदान उजव्या कोनात तरी एकाऐवजी दोन पट्ट्या बसवाव्यात असा आग्रह धरला. हे परीक्षण मी मुख्यतः त्या आग्रहाच्या निमित्ताने लिहीत आहे, कारण तो चुकीचा होता. असाच प्रश्न पडणारी कुटुंबे आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ असतील.

डॉक्टरांनी कागदावर जबडा काढून दाखवला. समोरच्या दातांनी काही चावले की घास पुढचा भाग खाली ढकलतो आणि चर्वणाचे स्नायू मागचा भाग वर ओढतात. कोनातील अस्थिभंगाची फट त्यामुळे वरच्या कडेला उघडू पाहते आणि खालच्या कडेला दाबली जाते. वाकणाऱ्या तुळईत ताण एका बाजूला आणि दाब दुसऱ्या बाजूला असतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. तेच इथे होते. पट्टी ताणाच्या बाजूला, म्हणजे वरच्या कडेवर बसवली की तिला फक्त ओढ सोसावी लागते आणि दाब हाडाची दोन टोके एकमेकांवर टेकून स्वतःच सोसतात. भार हाड आणि पट्टी वाटून घेतात, म्हणून पट्टी बारीक चालते. फ्रान्समध्ये मिशेले यांनी १९७३ मध्ये अशा लहान पट्ट्यांचा अनुभव मांडला आणि स्ट्रासबर्गच्या शाँपी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये जबड्यावर पट्टी नेमकी कोणत्या रेषेवर बसवावी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रेषा आजही शल्यचिकित्सकांच्या मार्गदर्शक आहेत.

हनुवटीच्या भागात मात्र हिशेब बदलतो. तिथे वाकण्याबरोबर पीळही येतो, कारण जबड्याचे दोन अर्धे भाग चावताना उलट दिशांना फिरू पाहतात. एकच पट्टी पिळाला पुरेसा विरोध करत नाही. एकमेकींपासून काही अंतरावर समांतर बसवलेल्या दोन पट्ट्या करतात, आणि त्यांच्यातील अंतर वाढेल तसा विरोध वाढतो. म्हणून पुतण्याच्या डाव्या बाजूला दोन आणि उजव्या कोनात एक, अशा तीन पट्ट्या आणि १२ स्क्रू बसले. सर्व काम तोंडाच्या आतूनच झाले, त्यामुळे चेहऱ्यावर हनुवटीच्या त्या चार टाक्यांखेरीज खूण नाही. स्क्रू हाडाच्या फक्त बाहेरच्या कठीण थरात जातात, त्यामुळे दातांची मुळे आणि आतील मज्जातंतू सहसा सुरक्षित राहतात.

कोनात दुसरी पट्टी का नको, याचे उत्तर मला पुढे वाचनात मिळाले आणि त्याने मी खरोखर चकित झालो. प्रयोगशाळेत कृत्रिम जबडे किंवा मेंढीचे जबडे यंत्रात अडकवून भार देतात आणि फट किती उघडते ते मोजतात. अशा चाचण्यांत दोन पट्ट्यांचा जोड एकाच पट्टीपेक्षा अधिक भक्कम ठरतो. विशेषतः तुटलेल्या बाजूच्या दाढेवर भार दिला की ताण-दाबाची दिशा उलटते, खालची कड उघडू लागते आणि एकट्या वरच्या पट्टीची मर्यादा उघडी पडते. एवढ्यावरून मी पुतण्याला दोन पट्ट्या बसवायला लावल्या असत्या. परंतु अमेरिकेत एलिस आणि वॉकर यांनी कोनाच्या अस्थिभंगावर दोन मिनीप्लेट वापरलेल्या रुग्णांत २८ टक्के गुंतागुंत १९९४ मध्ये नोंदवली, आणि १९९६ मध्ये एकाच मिनीप्लेटच्या रुग्णांत ती १६ टक्के असल्याचे दाखवले. मला त्याचे कारण असे दिसते की दुसऱ्या पट्टीसाठी हाडावरचे आवरण अधिक सोलावे लागते, रक्तपुरवठा कमी होतो आणि संसर्गाला वाव मिळतो. शिवाय जखमी माणूस पहिले काही आठवडे पूर्ण जोराने चावतच नाही. यंत्रातील जबड्याला ना रक्त असते ना वेदना. चाचणीतील भक्कमपणा आणि हाड सांधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या शिक्षणाला मान्य करायला वेळ लागला.

धातूविषयी थोडक्यात. टायटॅनियमचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे याचे माप, सुमारे ११० गिगापास्कल, पोलादाचा सुमारे २००, आणि जबड्याच्या कठीण हाडाचा याहून बराच कमी. म्हणजे टायटॅनियम पोलादापेक्षा हाडाला जवळचे आहे. त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर त्याला गंजू देत नाही, हे खाऱ्या हवेत नौकेचे खिळे सडताना पाहणाऱ्या आम्हा मंडळींना विशेष सांगण्यासारखे वाटते. पट्टी सहसा काढावी लागत नाही. दोष सांगायचा तर साधी पट्टी हाडाच्या वळणाला अचूक वाकवावी लागते; ती नीट बसली नसताना स्क्रू आवळला तर हाडच पट्टीकडे ओढले जाते आणि दातांची जुळणी बिघडते. लॉकिंग पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीच्या आट्यांत अडकते, त्यामुळे ही अडचण कमी होते, पण ती महाग पडते. आमच्या डॉक्टरांनी साधीच वापरली आणि वाकवण्यात पुरेसा वेळ घेतला. शस्त्रक्रियेत आधी दात तारांनी जुळवून बांधले, मग पट्ट्या बसवल्या आणि तारा सोडल्या.

तुलनेसाठी माझ्या चुलत्यांचा अनुभव सांगतो. त्यांचा जबडा मोडला तेव्हा वरचे आणि खालचे दात सहा आठवडे तारांनी एकत्र बांधून ठेवले होते. हाड सांधले, पण दातांतील फटीतून कुळथाची पिठी ओढून पिऊन ते वाळून गेले, आणि तारा सुटल्यावर तोंड पुरेसे उघडायला आणखी कित्येक आठवडे लागले. उलटी झाली तर तारा कापता याव्यात म्हणून कटर सतत उशाशी ठेवावा लागे. अशा माणसाने समुद्रावर जाणे तर सरळ जिवावर बेतणारे. तरीही ही पद्धत टाकाऊ नाही. जिथे हाड फारसे सरकलेले नाही किंवा शस्त्रक्रिया शक्य नाही, तिथे ती आजही उपयोगी पडते. उलटपक्षी हाडाचे बारीक तुकडे झाले असतील, किंवा म्हाताऱ्या माणसाचा दातविरहित जबडा बारीक झाला असेल, तर टेकायला हाडच उरत नाही. तिथे सर्व भार स्वतः पेलणारी २.४ मिलिमीटर स्क्रूची जाड पट्टी लागते. मिनीप्लेटकडून तशा ठिकाणी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सेवेबद्दल दोन तक्रारी आहेत. घरी जाताना काय खावे आणि काय नको याचा छापील कागद मिळाला नाही. सहा आठवडे मऊ अन्न, हे तोंडी सांगितले गेले आणि चौथ्या आठवड्यात पुतण्याने भाजलेला बांगडा खाल्ला. सुदैवाने काही बिघडले नाही. दुसरी तक्रार अशी की बिलात पट्ट्या व स्क्रू एकत्र दाखवले होते. त्यांच्या पाकिटांवरील कंपनी आणि तुकडी क्रमांकाचे स्टिकर आम्हाला मागून घ्यावे लागले. ते प्रत्येकाने मागून कागदपत्रांत ठेवावे, कारण पुढे कधी पट्टी काढायची झाली तर स्क्रूला कोणता पेचकस लागेल हे त्यावरून कळते.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीचे ६१ दिवस त्याच्या विश्रांतीला कामी आले. जुलैअखेरच्या एक्स-रेमध्ये दोन्ही ठिकाणच्या रेषा पुसट झाल्या होत्या, पट्ट्या जागच्या जागी होत्या आणि दात पूर्वीसारखे जुळत होते. ऑगस्टमध्ये तो पुन्हा नौकेवर गेला. डाव्या ओठाखाली बोटभर जागा अजून बधिर आहे. ती मी पट्टीच्या खात्यावर मांडत नाही, कारण बधिरता अपघाताच्या रात्रीपासूनच होती आणि तिचा घेर तेव्हापासून कमी होत आला आहे.