वर्षात अख्खं बायबल, रोजची मिस्सावाचनं की एकच शुभवर्तमान?

बायबल रोज वाचायचं असं मनाशी पक्कं केलं, की पहिला पेच सुरुवातीचा. चार जाणत्यांना विचारलं तर साधारण तीन सल्ले मिळतात: वर्षात संपूर्ण बायबल संपवा, मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीची, रोजची वाचनं धरा, नाहीतर एकच पुस्तक घेऊन सावकाश मनन करा. वचन तिन्हीकडे तेच. पद्धतींतला फरक कळतो तो वाचन चुकलेल्या दिवशी, आणि ठाण्याहून वाशी-पनवेलला नोकरीसाठी जाणाऱ्याचं वाचन कधी ना कधी चुकणारच.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय. ते वर्षात बसवायचे तर दिवसाला सव्वातीन अध्याय, म्हणजे साधारण वीस मिनिटं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तुर्भ्यापर्यंत आटोपतं. उभं राहावं लागलं तर कानात ऑडिओ बायबल. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टीच्या ओघात संपतात. जानेवारीच्या अखेरीस लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं, मग होमबली, त्वचारोग, शुद्ध-अशुद्ध प्राणी... बरेच जण इथेच गळतात. चार दिवस बुडाले की तेरा अध्याय थकतात आणि वाचन थकलेल्या हप्त्यासारखं मानगुटीवर बसतं.

नेटाने पुढे गेलात तर मात्र जे हाती लागतं ते दुसरीकडे मिळत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गणना या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मोशे पितळेचा साप खांबावर टांगतो. नोव्हेंबर लागता लागता योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात येशू निकदेम या यहुदी पुढाऱ्याला त्याच सापाची आठवण करून देतो. मधले महिने ज्याने वाचून काढलेत, त्याला ती ओळख कुणी तळटीप दाखवून करून द्यावी लागत नाही. लेवीयचीच धास्ती असेल तर स्कॉटिश पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी आखलेला तक्ता बघा. रोज चार वेगवेगळ्या ठिकाणचे अध्याय असतात. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. वेळ जरा जास्त जातो, पण रुक्ष भागाचं ओझं वाटलं जातं.

मिस्सावाचनांचा हिशोब वेगळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बसवली. इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये बसलेले असा की घणसोलीच्या फ्लॅटमध्ये, त्या दिवसाचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनकथेतला उतारा) साधारण तेच. मंगळवार चुकला तर बुधवारी बुधवारचं वाचायचं, थकबाकी नाही. पुन्हा पुन्हा वाचन सुटलेल्या माणसाला मी आधी हेच सुचवेन, प्रॉटेस्टंट असला तरी. उणीव एकच, पण मोठी: जुन्या कराराचा फार मोठा भाग यात येतच नाही. (मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ मात्र सुटत नाही, १७ डिसेंबरला ती येतेच.)

तिसरी वाट सावकाश वाचनाची. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. हे लोकलमध्ये जमत नाही. घरी पहाटे किंवा सगळे झोपल्यावर, शेजारी वही ठेवून बसायचं. मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्यायच घ्या. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे काहीतरी मागायला येतात. येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? त्यांना त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्या असतात. पुढे यरीहोबाहेर आंधळा भिकारी बार्तीमय हाका मारतो, आणि येशू त्यालाही हेच विचारतो. त्याला दृष्टी हवी असते. बोलावणं येताच हा आपलं वस्त्र टाकून धावतो. आणि याच अध्यायात आधी एक श्रीमंत मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून गेलेला असतो. दिवसाला तीन अध्याय उरकणाऱ्याच्या नजरेतून हे सहज निसटतं. इथे आठवडाभर थांबलात की ‘माझ्यासाठी काय करावं’ याचं आपलं उत्तर काय, हा प्रश्न ऑफिसातही पाठ सोडत नाही. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला तरी इथे जास्त दिसते.

धोका यातही आहे. आवडीच्या दोन-चार स्तोत्रांतच घर करून राहायचं आणि वचनाला आपल्याला हवा तो अर्थ चिकटवायचा, हे नकळत होतं. म्हणून घरगुती प्रार्थनासभेत किंवा पाळकांपुढे आपलं मनन बोलून दाखवावं. कुणीतरी ‘पण मागचं वाक्य वाचलंस का?’ म्हणणारं हवं.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने मार्क घ्यावं. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा म्हटलं तरी महिन्याभरात होतं. भाषांतर सोप्या मराठीतलं चालेल. स्तोत्रं मात्र जुन्या भाषांतरातच वाचा, ती मोठ्याने म्हणायला बरी वाटतात. शुभवर्तमानं ओळखीची झालेल्याने वार्षिक तक्ता घ्यावा, आणि १ जानेवारीची वाट बघू नये. जूनमध्ये सुरू केलं तर लेवीय ऐन पावसाळ्यात येईल. गाड्या उशिराने धावत असतात, वाचायला वेळही जास्त मिळतो.