इंक टँक, जुना लेझर की नेटवर्कचा लेझर? चार टेबलांच्या ऑफिससाठी

प्रिंटर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ‘कलर पाहिजे का?’ त्याने आधी विचारावं, ‘सलग किती दिवस मशीन बंद राहतं?’ आमचं कर सल्लागाराचं ऑफिस. जुलै आणि सप्टेंबरमध्ये रिमामागून रिम फस्त, एप्रिल-मे मात्र शुकशुकाट. तिन्ही प्रकारची मशीनं आमच्या टेबलावर नांदून गेली आहेत, म्हणून हे सांगतोय.

जुन्या लेझरबद्दल आधी बोलू, कारण तो अजून गल्लोगल्ली चालतो. एचपीचा १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००, दोघांचा गाभा जवळपास एकच. १२ए किंवा ३०३ कार्ट्रिज, कंपनीच्या हिशेबाने २,००० पानं. अर्थात हा हिशेब पानाचा ५ टक्के भाग काळा होईल असं धरून केलेला असतो. ठासून भरलेल्या ताळेबंदाला तो लागू पडत नाही. रिफिल करणारा पोरगा तालुक्याच्या गावीही मिळतो. अडचण एकच: दोघांनाही नेटवर्कचं तोंड नाही. एका संगणकाला जोडायचा आणि बाकीच्यांनी ‘शेअर’वर छापायचं. तो संगणक ज्याच्या टेबलावर, तो रजेवर गेला की सगळे अडले. शिवाय २०२१मध्ये विंडोजच्या छपाईतली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची सुरक्षेची खिंडारं बुजवायला मायक्रोसॉफ्टने जे अपडेट दिले, त्यांनंतर असं शेअरिंग कितीतरी ऑफिसांत एका रात्रीत बंद पडलं. त्यावर कुणी सुचवतो, मग प्रिंटर राउटरच्या यूएसबीला जोडा. १०२० तिथे नुसताच दिवे लावून बसतो, कारण चालू झाल्यावर दर वेळी तो आपलं फर्मवेअर, म्हणजे स्वतः चालण्यापुरता प्रोग्राम, संगणकाकडून मागून घेतो. एकट्या माणसाला मात्र अजूनही यापेक्षा स्वस्त आणि चिवट काही मिळणार नाही.

इंक टँक म्हणजे बाटलीने टाकीत शाई ओतायचा प्रिंटर. त्याचं पारडं दोन ठिकाणी स्पष्ट जड आहे. एक म्हणजे रंग. दुसरं वीज, ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. लेझरमध्ये टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, कागदावर वितळवून बसवायला सुमारे २०० अंश तापमान लागतं. तापताना तो शेकड्यांनी वॅट ओढतो, घरातला दिवा क्षणभर मंद होतो. घरगुती इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर लेझर लावू नये तो याचसाठी. इंक टँकचं काम १०-२० वॅटमध्ये भागतं. दिवसातून चार तास लाइट जाणाऱ्या गावात एवढ्या एका मुद्द्यावर निर्णय होऊ शकतो. खर्चही कमी: एप्सनच्या ००३ काळ्या शाईची ६५ मिलीची बाटली ४,५०० पानं देते.

पण शाई वाळते. आमच्याकडच्या इंक टँकचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, मे महिन्याच्या सुटीत तुंबलं. हेड क्लीनिंग करता करता पाव बाटली शाई गेली, आणि ती मशीनच्या पोटातल्या स्पंजात साठली. तो स्पंज भरला की प्रिंटर काम थांबवतो. नव्या काही मॉडेलांत तो डबा स्वतःला बदलता येतो, घेताना तेवढं विचाराच. साध्या डाय, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या, शाईवर पावसाचा थेंब पडला की सही-शिक्क्याचा कागद निळसर-काळा वाहतो. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची कोरडी भुकटी. दोन महिने बंद राहिला तरी पहिलं पान नीट येतं.

आता नेटवर्कचा लेझर. याचं आयुष्य दोन भागांत मोजायला हवं, कारण शरीर (यंत्राचे भाग) आणि डोकं (नेटवर्क आणि ड्रायव्हर) एका वेगाने म्हातारं होत नाही. शरीरात झिजणाऱ्या गोष्टी मोजक्या: कागद ओढणारा पिकअप रोलर, त्याखालचं पॅड, टोनर वितळवणाऱ्या फ्यूजरचं टेफ्लॉन, पानाची प्रतिमा कागदावर उतरवणारा ड्रम. सगळ्या बदलता येतात. पावसाळ्यात कागद अडकू लागला की लोक मशीनला दोष देतात, पण बहुधा उघड्या रिमने ओल धरलेली असते. रिम पिशवीत बांधून ठेवली तर निम्मा त्रास जातो. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलांत ड्रम वेगळा असतो: टोनर २,६०० पानांचा, ड्रम १२,०००चा, असा जोड. एचपीच्या छोट्या मॉडेलांत बहुतेक वेळा दोन्ही एकाच कार्ट्रिजमध्ये. महाग पडतं, पण दर वेळी कोरा ड्रम मिळतो. एचपीच्या काही मॉडेलांवर ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ असते, म्हणजे कंपनीची चिप नसलेलं कार्ट्रिज अडवलं जाऊ शकतं. बाहेरून रिफिल करून घेणाऱ्याने खोक्यावरची ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डोक्याची गोष्ट वेगळी. चांगला चाललेला प्रिंटर अचानक ‘ऑफलाइन’ दिसतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा तो बिघडलेला नसतो. राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिलेला असतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता एकदा राखून ठेवला की हा ताप संपतो. वाय-फायवाल्या मॉडेलांत आणखी एक गोम आहे. बरीच मॉडेलं वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. शिवाय फायबरवाल्याने राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझा हट्ट लॅन केबलच्या सॉकेटचा. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

दुसरा हट्ट भाषेचा, म्हणजे संगणक प्रिंटरशी ज्या पद्धतीने बोलतो तिचा. पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट अशी सर्वमान्य पद्धत समजणारा प्रिंटर नव्या विंडोजवरही सर्वसाधारण ड्रायव्हरने चालतो. जो फक्त स्वतःच्या ड्रायव्हरवर जगतो, त्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर. सॅमसंगने आपला प्रिंटरचा धंदा २०१७मध्ये एचपीला विकून टाकला. मशीनं धडधाकट होती, ड्रायव्हर मात्र दुसऱ्याच्या दारी शोधावे लागले.

तर महिन्याला शंभरच्या आत पानं, त्यात मुलांचे प्रोजेक्ट आणि फोटो, आठवड्यातून एकदा तरी हात लागणार, तर इंक टँक. एकट्याचं काम असेल तर जुना लेझर. दोनपेक्षा जास्त संगणक आणि काम काळ्या-पांढऱ्याचं असेल तर लॅनवाला, दोन्ही बाजूंनी छापणारा लेझर. खोक्यावर ‘दरमहा १०,००० पानं’ असं असतं ती कमाल मर्यादा. बारीक अक्षरातला शिफारशीचा आकडा बघा, तो बराच लहान असतो.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानदारासमोर कॉन्फिगरेशन पेज काढा, त्यावर आजवर छापलेली एकूण पानं असतात. आमच्या मशीनवर परवा ४१ हजार दिसली. पिकअप रोलर दुसरा, टेफ्लॉन अजून पहिलंच.